वारशात आलेली जुनी हत्यारं : किंमत विचारायच्या आधी काय काय बघायचं

तुमचा प्रश्न असा आहे की आजोबांची सुतारकामाची पेटी तुमच्याकडे आलीये, त्यात दोन लोखंडी रंधे, बरेच लाकडी रंधे, तीन-चार करवती, भोकं पाडायला हाताने फिरवायचा एक ब्रेस, घडीची फूटपट्टी आणि पटाश्यांचा ढीग आहे. एक जण सगळ्याचे मिळून एकरकमी पैसे द्यायला तयार आहे, आणि दुसरा म्हणतो आधी वायर ब्रशने घासून चकाचक करा मग भाव जास्त येईल. जुनी हत्यारं ओळखणं आणि त्यांचं मूल्य काढणं हेच माझं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, पण घाई नसेल तर पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी तो वायर ब्रश खाली ठेवा. हे एवढ्या जोर देऊन सांगतोय कारण बाकीच्या बहुतेक चुका नंतर निस्तरता येतात, ही येत नाही. हत्याराचा भाव ठरतो तो त्यावरच्या बारीकसारीक खुणांवरून, म्हणजे कोणी बनवलं, साधारण कधी बनवलं, कुठला भाग मूळचा आहे आणि कुठला नंतर कोणीतरी बसवलाय, आणि ह्या खुणा बऱ्याचदा गंज आणि मळाच्या थराखाली टिकून असतात. करवतीचंच घ्या, पात्यावर कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर, कधी कधी मोठं चित्र असं ॲसिडने उमटवलेलं असतं, ह्याला एचिंग म्हणतात, आणि ते इतकं उथळ असतं की सँडपेपरचे दोन-चार हात जोरात मारले की गेलं ते कायमचं. लोखंडी रंध्यावरचा मूळचा काळा थर, ज्याला जपानिंग म्हणतात, तो किती टक्के शिल्लक आहे हे गिऱ्हाईक पहिल्या दोन-तीन प्रश्नांत विचारतं, आणि नवा काळा स्प्रे मारून ठेवला असेल तर अर्धे गंभीर खरेदीदार तिथूनच परत जातात. लाकडाला पॉलिश, व्हार्निश, जवसाचं तेल वगैरे काहीही लावू नका, पाण्याने तर अजिबात धुऊ नका.

मग करायचं काय? मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, धातूवर पातळ मिनरल ऑइलचा फडका फिरवा म्हणजे गंज आहे तिथेच थांबेल, आणि सगळं कोरड्या जागी ठेवा. इतकंच. पुढे विकत घेणारा जर कामासाठी घेणार असेल तर तो त्याच्या पद्धतीने साफ करेल, आणि संग्राहक असेल तर त्याला ते तसंच हवं असतं. हो, आणि पेटीच्या तळाचा कचरा ओतून टाकू नका. तिथे पडलेला एखादा पितळी स्क्रू, छोटं पातं, विचित्र आकाराची दांडी हे बहुतेक वेळा वरच्याच एखाद्या हत्याराचा हरवलेला भाग असतं. स्टॅनली ह्या अमेरिकन कंपनीच्या जुन्या रंध्यांच्या काही स्क्रूंचे आटे तर आजच्या स्टँडर्ड मापाचे नाहीतच, त्यामुळे तो एक स्क्रू गेला की दुकानातून दुसरा आणून बसवता येत नाही.

आता खुणा वाचायच्या कशा. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च हत्याराच्या अगदी बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवा धरा, समोरून बघताना अजिबात न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. लाकडावरच्या ठशासाठी पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. फोटो काढताना पण तोच तिरपा प्रकाश ठेवा, फ्लॅश नको, फ्लॅशने सगळं सपाट दिसतं. प्रत्येक हत्याराचे फोटो पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, तळाचे, आणि पातं सहज निघत असेल तर ते काढून त्यावरच्या छापाचा वेगळा. सहज निघत नसेल तर जोर लावू नका, स्क्रूच्या खाचेत नीट न बसणारा स्क्रूड्रायव्हर घालून ओरबाडलेला स्क्रू हा सुद्धा भाव उतरवतो, आत शिरणारं तेल दोन थेंब टाकून रात्रभर सोडा आणि मग बघा.

लाकडी रंध्यांपासून सुरुवात करू कारण त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रंध्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे काम करताना जे तोंड पुढे असतं तिथे, नावाचा ठसा असतो. पण तिथे बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त नावं असतात, आणि त्यातलं एकच बनवणाऱ्याचं, बाकीची ज्यांनी ज्यांनी ते वापरलं त्या सुतारांची. ओळखायची खूण साधारण अशी की बनवणाऱ्याचा ठसा मध्यावर, नीट सरळ मारलेला असतो, बऱ्याचदा चौकटीत किंवा दातेरी किनारीत, आणि त्याखाली गावाचं नाव असू शकतं. वापरणाऱ्यांची नावं वेगवेगळ्या जागी, तिरपी, पुन्हा पुन्हा मारलेली, एकच नाव पेटीतल्या दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या हत्यारांवर दिसलं तर तो मालक समजायचा. गलथा पाडायचे जे अरुंद मोल्डिंग रंधे असतात, ब्रिटिश बनावटीचे, त्यांची लांबी एकोणिसाव्या शतकात साडेनऊ इंचावर स्थिर झालेली होती, त्यामुळे तुमच्याकडचा एखादा जवळजवळ दहा इंचांचा निघाला, कडा रुंद सपाट छाटलेल्या असल्या आणि त्या छाटणीच्या टोकाला गोल पटाशीचा सुबक घाव असला तर तो बाजूला काढून ठेवा, तो अठराव्या शतकातला असण्याची शक्यता आहे आणि तो कोणा माहितगाराला दाखवल्याशिवाय हलवायचा नाही.

नाव किती फरक पाडतं ह्याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी फ्रान्सिस निकोल्सन नावाचा रंधे बनवणारा होता, त्याच्याकडे सीझर चेलर हा गुलाम कारागीर होता, १७५३ मध्ये निकोल्सन वारला तेव्हा मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याने स्वतःच्या नावाचा ठसा मारून रंधे बनवले. आज त्याच्या नावाचा रंधा दिसायला शेजारच्या शंभर लाकडी रंध्यांसारखाच दिसेल, पण संग्राहकांत त्याला फार मोठी किंमत आहे, आणि का असू नये, एका माणसाने आपलं नाव त्या लाकडावर उमटवण्यामागे काय काय आहे ते कळलं की तो ठसा बघताना अंगावर काटा येतो. आता उलट बाजू पण सांगतो, एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या कारखान्यांचे साधे लाकडी रंधे इतके प्रचंड संख्येने बनले की दीडशे वर्षांचं वय असूनही त्यांना सुटे विकताना फारच थोडे पैसे येतात. जुनं म्हणजे महाग हे हत्यारांच्या बाबतीत खरं नाही, हे आधीच मनात पक्कं केलेलं बरं.

लोखंडी रंधे. तुमचे दोन स्टॅनलीचे असतील अशी दाट शक्यता आहे, आणि ह्यांचा अभ्यास लोकांनी एवढा केलाय की घरबसल्या तुम्ही बऱ्यापैकी अचूक काळ काढू शकता. लिओनार्ड बेली ह्या माणसाची पेटंटं स्टॅनलीने १८६९ मध्ये घेतली आणि तिथून नंबर १ ते ८ ही रंध्यांची मालिका सुरू झाली. नंबर बीडाच्या बॉडीवर पुढे किंवा मागे ओतलेला असतो. नंबर ४ साधारण नऊ इंची, नंबर ५ चौदा इंची, हे दोन सगळ्यात जास्त खपले आणि आजही सगळ्यात जास्त सापडतात, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला नंबर ५ म्हणजे उत्तम कामाचा रंधा पण दुर्मीळ वस्तू नाही. नंबर १ मात्र जेमतेम साडेपाच इंची, पातं सव्वा इंचाचं, तो फार कमी बनला आणि त्यावर संग्राहक तुटून पडतात, आणि म्हणूनच त्याच्या हुबेहूब नव्या प्रती बाजारात आहेत, काही प्रामाणिकपणे नवीन म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि काही जुन्या भासवलेल्या.

काळ काढायला पातं आणि त्याखालचा उतरता ठोकळा, ज्याला फ्रॉग म्हणतात, त्याच्या मागे बॉडीवर बघा. तिथे पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतील. १९०२ च्या दोन तारखा असतील तर विसाव्या शतकाचं पहिलं दशक. त्याखाली १९ एप्रिल १९१० ही तिसरी तारीख असेल तर १९१० पासून १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कधीतरी, आणि त्यातही पुढची मूठ बुटकी, बसकी असेल तर त्या काळाचा पहिला भाग, उंच मूठ १९१९-२० च्या सुमारास आली. तारखा नाहीतच आणि वरच्या लोखंडी झाकणपट्टीचं, लिव्हर कॅपचं, भोक किडनीच्या आकाराचं असेल तर १९३३ नंतरचा. पात्यावर हृदयाच्या आकारात दोन अक्षरांचा शिक्का असेल तर त्याला स्वीटहार्ट म्हणतात, तो साधारण १९२० ते १९३५ मधला. पण इथे एक कळीची गोष्ट आहे, पेटंटची तारीख म्हणजे हत्यार बनल्याची तारीख नव्हे, ते त्याआधी बनलेलं असू शकत नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं, आणि पुढे कित्येक वर्षं तीच तारीख ओतत राहिलेले असतात. मी जितक्या विक्रीच्या जाहिराती बघतो त्यात सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, १९१० लिहिलंय म्हणजे १९१० चा.

आणि ह्या खुणा एकमेकींशी जुळतायत का ते बघा. बॉडी १९१० च्या काळातली, पातं स्वीटहार्ट, झाकण किडनीच्या भोकाचं, असं निघालं तर दोन-तीन रंध्यांचे भाग एकत्र आलेत. कामाला त्याने काहीही फरक पडत नाही, आजोबांनी पातं झिजल्यावर नवं बसवलं असेल तर तो हत्याराचा खरा इतिहासच आहे, पण संग्राहक त्याला कमी पैसे देणार. नंबर ६०१ ते ६०८ ह्या दरम्यानचा असेल तर ती बेड रॉक नावाची वरची मालिका, १९११ पासूनच्या बेड रॉकच्या बाजूच्या भिंती गोलाई न देता वरून सपाट छाटलेल्या असतात, त्या नीट असतील तर साध्या बेलीपेक्षा भाव चांगलाच वर जातो.

आणि ४५ किंवा ५५ नंबरचं ते गुंतागुंतीचं, निकेल चढवलेलं, दांड्या आणि फेन्सवालं यंत्र (हाही रंधाच, पाती बदलून वेगवेगळी कामं करणारा) निघालं तर आधी सगळे भाग मोजा. ५५ १८९७ मध्ये आला आणि त्याचे कटर लाकडी खोक्यांत यायचे. कटर, लांब आणि आखूड अशा दोन्ही दांड्या, डेप्थ स्टॉप, कॅम रेस्ट हे सगळं आणि मूळचा डबा असेल तर एक किंमत, आणि नुसती बॉडी असेल तर अगदीच वेगळी. पेटीच्या तळाचा कचरा टाकू नका म्हणालो ते ह्यासाठीच.

लोखंडी रंध्यांतच अजून एक जात आहे, पोलादाची किंवा बीडाची पेटी आणि आत शिसवी किंवा तशा गडद लाकडाचा भराव, हातात घेतला की वजनानेच कळतं. ह्यांना इन्फिल म्हणतात. स्कॉटलंडमधल्या एअर गावचा स्पायर्स, ग्लासगोचा मॅथिसन, लंडनचा नॉरिस ही नावं झाकणावर किंवा पात्यावर दिसली तर थांबा आणि कुणालाही होकार देऊ नका. नॉरिसने १९१३ मध्ये पातं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे एकाच स्क्रूने सरकवायचं पेटंट घेतलं, तो ॲडजस्टर असलेल्यांना जास्त मागणी. तळाच्या कडेला बारीक निरखून बघितलं की पोलादी तळ आणि बाजू डव्हटेलने (कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याने) एकमेकांत गुंतवल्याच्या पुसट रेषा दिसतात, ते हातकामाचं लक्षण आहे. पण अशी इन्फिल हौशी सुतारांनी तयार बीडाची पेटी आणून घरी पण भरलेली असतात, तेव्हा भराव, लिव्हर आणि पातं एकाच हाताचं वाटतंय का ते बघायला माहितगार डोळाच लागतो.

करवतींत फिलाडेल्फियाच्या डिस्टनचं नाव बहुतेक वेळा निघतं, १८४० मध्ये सुरू झालेली कंपनी, मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावरच्या मजकुरावरून काळ काढता येतो कारण तो मजकूर कंपनीच्या नावासोबत बदलत गेला, नावात "अँड सन्स" आल्यावर वेगळा, १९५५ मध्ये मालकी बदलल्यावर वेगळा. बिल्ल्यावर फक्त वॉरंटेड सुपीरियर एवढंच असेल तर त्यावरून कंपनी ठरवू नका, तो बिल्ला कित्येक कारखान्यांनी वापरलाय. पितळी किंवा लोखंडी पाठीच्या छोट्या करवती, विशेषतः इंग्लिश, ह्यांना मात्र काम करणाऱ्यांकडून चांगली मागणी आहे. पातं सरळ आहे का, डोळ्याजवळ धरून कडेने बघा. मूठ फुटलेली नाही ना, दात अजून किती वेळा घासता येतील इतकी रुंदी शिल्लक आहे. मुठीच्या वरच्या शिंगांची टोकं तुटलेली असणं फार कॉमन आहे आणि ती पूर्ण असली तर लगेच नजरेत भरतात.

पटाश्यांवर एक-दोनच गोष्टी. त्यावर कास्ट स्टील असा ठसा दिसला तर ते बीड आहे असं समजून बाजूला टाकू नका, ते क्रूसिबलमध्ये वितळवून केलेलं उच्च प्रतीचं पोलाद आहे, बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्ड भागात बसवलेली पद्धत, आणि धार धरायला ते आजही नावाजलेलं आहे. पात्याची लांबी किती शिल्लक आहे त्यावर भाव, आणि एकाच कंपनीचा क्रमवार मापांचा संच असेल तर तो कधीही फोडू नका. जपानी पटाश्या किंवा रंध्याची पाती असतील तर त्यावरची सही फोटो काढून जपानी वाचणाऱ्याला दाखवा. चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) ह्या लोहाराचं नाव निघालं तर आनंदून जायच्या आधी तज्ज्ञाकडे न्या, त्याच्या सहीच्या नकला पुष्कळ आहेत.

आता ब्रेस आणि फूटपट्टी, इथे एक कायद्याचा भाग येतो म्हणून नीट वाचा. साधा लोखंडी ब्रेस असेल तर चकवर, म्हणजे गिरमिट धरणाऱ्या तोंडावर, बार्बरचं १८६४ चं पेटंट किंवा मिलर्स फॉल्स अशी नावं दिसतील, सहसा भाव कमी. पण पितळी चौकटीत एबनीचा (काळ्या आबनूस लाकडाचा) भराव असलेला ब्रेस असेल आणि त्यावर शेफील्डच्या मार्पल्सचा अल्टिमेटम असा मजकूर असेल तर ती संग्राहकाची वस्तू आहे. काही अशा ब्रेसच्या डोक्यात हस्तिदंताची बारीक कडी बसवलेली असते. तसंच घडीच्या फूटपट्ट्या बहुतेक बॉक्सवुडच्या, पिवळट लाकडाच्या, रॅबोन, प्रेस्टन, स्टॅनली ह्यांच्या, पण काही हस्तिदंताच्या पण बनल्या. पट्टी पांढरट-पिवळी असेल तर भिंगाखाली कडेचं टोक बघा, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींसारख्या रेषा दिसतात, हाडात काळे सूक्ष्म ठिपके किंवा रेघोट्या, आणि सेल्युलॉइडमध्ये छापल्यासारख्या एकसारख्या समांतर रेषा. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वस्तू खराब होते आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं.

हस्तिदंत निघालं तर विक्रीचा विचार तिथेच थांबवून आधी तुमच्या देशाचा कायदा बघा. साइट्स ह्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात आफ्रिकन हत्ती १९८९ मध्ये पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक बंधनांच्या, परिशिष्टात गेला, त्यानंतर बऱ्याच देशांनी आतल्या विक्रीवरही कडक बंधनं आणली, ब्रिटनमध्ये तर २०१८ चा वेगळा कायदाच आहे. वस्तू शंभर वर्षं जुनी आहे एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या अमेरिकन रंध्यांच्या मुठी बऱ्याचदा त्याच लाकडाच्या, तेव्हा परदेशात पार्सल पाठवायचं असेल तर हेही आधी तपासा.

सगळ्या हत्यारांना लागू पडणारी आणखी काही कामाची माहिती. देशाचं नाव छापलेलं असेल, नुसतं इंग्लंड, जर्मनी वगैरे, तर ते बहुतेक १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात मालावर उगमाचा देश लिहिणं सक्तीचं केलं. ऑक्युपाइड जपान असं दिसलं तर महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचं. रुंद बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता, लष्कर किंवा गोदी. ब्रिटिश पेटंट नंबर १९१६ पूर्वी दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, म्हणून वर्षाशिवाय नुसत्या नंबराने शोधू नका, अमेरिकन नंबर मात्र १८३६ पासून सलग आहेत. ब्रिटिश डिझाइन रजिस्ट्रेशनचा नंबर १८८४ पासूनचा, त्याआधी हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह असायचं. अमेरिकन हत्यारांच्या पेटंटची डेटॅम्प नावाची शोधता येणारी यादी ऑनलाइन आहे, आणि ब्रिटनची टूल अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटी व अमेरिकेची अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन, ही १९३३ ची, ह्या दोन्हींतले लोक मनापासून मदत करतात, फक्त त्यांना "हे काय आहे आणि किती मिळतील" असं एका धूसर फोटोवर विचारू नका, मोजमापं आणि ठशाचे स्पष्ट फोटो द्या.

ओळख पटली की अवस्था. बीडाच्या रंध्यात पात्याच्या फटीच्या दोन्ही बाजूंना, भिंत जिथे तळाला मिळते तिथे, केसासारखी चीर आहे का ते भिंगाने बघा, आणि मागून पितळ भरून डाग दिलाय का तेही, चीर असेल तर किंमत जवळजवळ सगळी संपते. मागची मूठ टोकाला तुटलीये का, चिकटवलीये का. वरवरचा तांबूस गंज चालतो, पण गंजाने खड्डे पडले असतील, विशेषतः पात्याच्या सपाट मागच्या बाजूला धारेजवळ, तर काम करणारा माणूसही मागे सरतो. लाकडात कीड लागल्याची भोकं असतील आणि त्यातून ताजं पीठ गळत असेल तर ते हत्यार ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

मग भाव. जाहिरातीत कोणी काय मागतंय ते बघून काही कळत नाही, कारण मागायला काहीही मागता येतं आणि तो माल वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. प्रत्यक्ष विकला गेलेला भाव बघा. ईबेवर विकलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे, हत्यारांचे खास लिलाव करणारी घरं आपले जुने निकाल ठेवतात, इंग्लंडमध्ये डेव्हिड स्टॅनली आणि अमेरिकेत मार्टिन डॉनेली ही त्यातली जुनी नावं. निकाल वाचताना हातोडा पडला तो आकडा आणि खरेदीदाराचा प्रीमियम (लिलावघर घेणाऱ्याकडून वर घेतं ते शुल्क) धरलेला आकडा ह्यात गल्लत करू नका, आणि विकणाऱ्याच्या हातात कमिशन वजा जाऊन येतं. तुमच्यासारखाच नंबर, तोच काळ, तेवढीच अवस्था, तेवढेच भाग, अशी निदान पाच-सहा विक्री मिळाली तर त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या, मधला पट्टा हाच तुमचा भाव. एकाच विक्रीवर विसंबू नका, दोन हट्टी माणसं एका लिलावात भिडली की आकडा कुठेही जातो.

त्यातही घेणारा कोण ह्यावर भाव बदलतो. संग्राहक दुर्मीळ आणि मूळ अवस्थेचे पैसे देतो. काम करणारा सुतार पोलादाचे आणि सरळपणाचे देतो, त्याला चीर नसलेला, भाग बदललेला नंबर ५ आनंदाने चालतो. सजावटीसाठी घेणारा दिसण्याचे देतो, त्याला लाकडी रंध्यांचा ढीग आवडेल. विम्यासाठी कागद हवा असेल तर तो पुन्हा नवीन मिळवायचा झाला तर लागणारा आकडा असतो, तो विक्रीच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, आणि वारसा वाटणीसाठी प्रत्यक्ष बाजारभाव धरतात. मूल्यांकन करून घेताना कारण आधी सांगा. आणि जो मूल्य सांगतो तोच विकत घ्यायला तयार असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुम्हाला आलेली एकरकमी ऑफर लबाडीचीच असेल असं मी म्हणत नाही. घेणाऱ्याला साफसफाई, साठवण, न खपणारा माल हे सगळं धरावं लागतं, त्यामुळे एकत्र भाव सुट्या विक्रीच्या बेरजेपेक्षा बराच कमी असणारच. पण अशा पेट्यांत बहुतेक वेळा दोन-तीन वस्तूंतच जवळजवळ सगळं मोल असतं आणि एकरकमी देणारा त्याच बघून आकडा बोलतो. म्हणून वर लिहिल्याप्रमाणे आधी पेटी वाचा, जे खास वाटतंय ते वेगळं काढा, त्याचं स्वतंत्र मत घ्या, आणि मग उरलेल्यासाठी त्या माणसाला पुन्हा आकडा विचारा. त्याने खास वस्तूंशिवाय घ्यायला नकार दिला तर त्यातूनच तुम्हाला बरंच कळेल.

शेवटचं काम आजोबांविषयीचं, आणि ते आत्ताच करा कारण घरातली ज्येष्ठ माणसं असेपर्यंतच होतं. त्यांचं पूर्ण नाव, कुठे काम केलं, कुठल्या काळात, हत्यारं कोणाकडून घेतली किंवा कोणाची त्यांच्याकडे आली, त्यांनी बनवलेली एखादी वस्तू कुठे आहे का, पेटीसोबतचा त्यांचा फोटो, जुन्या पावत्या, कॅटलॉगची पानं. एखाद्या रंध्यावर त्यांचं नाव ठोकलेलं असेल आणि सोबत हे लिखित असेल तर खरेदीदाराला पेटीचा खरा माग मिळतो, आणि संपूर्ण पेटी एकत्र विकायची असेल तर ह्या कागदांनी फरक पडतो. पेटी रिकामी करायच्या आधी आत हत्यारं ज्या जागी आहेत तसे फोटो काढा, सुतार आपल्या पेटीत खाचा आणि कप्पे हत्यारांच्या मापाने करतात, त्यावरून काय हरवलंय ते सुद्धा समजतं. विकायचं नाही असं ठरलं तरी हे कागद पेटीच्या झाकणात ठेवा, पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला लागतील.

ठशांचे तिरप्या प्रकाशातले फोटो, लांबी, पात्याची रुंदी आणि नंबर एवढं लिहून पाठवलंत तर एकेका हत्याराबद्दल सांगतो. सुरुवात लोखंडी रंध्यांच्या फ्रॉगमागच्या भागाच्या आणि त्या फूटपट्टीच्या कडेच्या फोटोने करा.